दृष्टीआडची दफनटेकाडे

नेदरलँड्स हा देश सपाटपणाबद्दल प्रसिद्ध आहे. त्याची सुमारे चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्या खाली असून समुद्राला बाहेर थोपवून धरणारे बांध हा त्या राष्ट्राच्या अस्तित्वाचाच पाया होय. ज्या देशात वीतभर उंचसखलपणावर गाव तरणार की बुडणार हे ठरते, त्या देशाने आपल्या भूमीचा प्रत्येक चढउतार बोटांच्या हिशेबाने मोजून ठेवावा हे स्वाभाविकच आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील जलव्यवस्थापन यंत्रणेने विमानातून लेसर किरण सोडून अवघ्या देशाची उंची मोजण्याचे काम हाती घेतले. हेतू सर्वस्वी व्यवहारी होता : पाणी कोठून येईल, कोठे साचेल आणि कोठे अडवावे लागेल हे कळावे. परंतु मोजणी अधिक सूक्ष्म होत गेली तसे तिच्या नकाशांत आणखीही काही दिसू लागले. देशाच्या मध्यभागी असलेल्या फेलुवे या वनप्रदेशात, दाट झाडीखाली, लहानलहान गोल उंचवटे उमटले. ती होती चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मृतांवर रचलेली मातीची टेकाडे. पाण्याच्या भीतीने मोजलेल्या जमिनीने, कोणी न विचारता, आपल्या पोटातील पूर्वज दाखवून दिले.

ही हकिगत केवळ नवलकथा म्हणून सांगण्याजोगी असती, तर तिला या स्तंभात जागा देण्याचे कारण नव्हते. आपल्याही देशात अशा मोजण्या आता मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या आहेत आणि आपल्याही भूमीवर, विशेषतः विदर्भात, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनस्थळे उघड्या माळावर पडून आहेत. या दोन गोष्टींची गाठ आपण वेळेवर घालून देणार की नाही, हा आजचा प्रश्न आहे.

प्रकाशाची मोजपट्टी

या मोजणीस ‘लायडार’ असे नाव आहे. तिचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. विहिरीत दगड टाकून आवाज येईपर्यंत आकडे मोजणारा खेडूत जे करतो, तेच हे यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने करते. विमानाच्या पोटाशी बसविलेल्या यंत्रातून लेसरचा एक क्षणिक झोत खाली सुटतो, जमिनीवर आदळतो आणि त्याचा अल्पसा अंश परत येतो. जाण्यायेण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढावयाचे. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर. तेव्हा एक किलोमीटर उंचीवरून सुटलेला झोत सेकंदाच्या अवघ्या दीड लक्षाव्या भागात परततो. अर्धा मीटर उंचीचे टेकाड ओळखावयाचे तर सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या तिप्पटीहून थोडासा अधिक एवढा फरक यंत्राला टिपता आला पाहिजे. तो टिपता येतो आणि असे लाखो झोत प्रत्येक सेकंदाला सोडता येतात. त्याच वेळी उपग्रहांच्या साहाय्याने विमान नेमके कोठे आहे, आणि अंतर्गत यंत्रांच्या साहाय्याने ते किती कलले आहे, याचीही नोंद होत असते. या साऱ्यांचा मेळ घातला की भूमीवरील कोट्यवधी बिंदूंची उंची हाती येते.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने खरी किमया पुढेच आहे. रान हे वरून पाहणाऱ्याला भिंतीसारखे वाटते. वस्तुतः ते चाळणीसारखे असते. एका झोताचा काही भाग शेंड्यावर अडतो, काही फांद्यांवर, आणि पानांच्या फटींतून निसटलेला काही भाग थेट जमिनीला भिडून येतो. यंत्र या सर्व प्रतिसादांची क्रमवार नोंद घेते. पुढे संगणकावर वरचे प्रतिसाद वगळून केवळ तळाचे ठेवले, की झाडाला कुऱ्हाड न लावता सबंध रान कागदावर ‘तोडता’ येते आणि त्याखालची उघडी भूमी दिसू लागते. युरोपात म्हणूनच अशी उड्डाणे हिवाळ्यात, पानगळ झाल्यावर, करण्याचा प्रघात आहे. मग त्या उघड्या भूमीवर संगणकात एक कल्पित सूर्य हव्या त्या दिशेस, हव्या तितक्या खाली उतरवून धरावयाचा. त्याच्या तिरप्या उजेडात गुडघाभर उंचीचा उंचवटाही सावली टाकतो.

सावलीपासून किरणापर्यंत

तिरप्या उजेडाची ही युक्ती नवी नाही. पहिल्या महायुद्धात वैमानिक दलात निरीक्षक म्हणून काम केलेले ओ. जी. एस. क्रॉफर्ड हे इंग्रज भूगोलतज्ज्ञ १९२० मध्ये ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याचे पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले. सकाळ-सायंकाळच्या उतरत्या उन्हात विमानातून पाहिले, की जमिनीवर उभ्या माणसाला न जाणवणारे बांध आणि टेकाडे सावल्यांनी रेखाटल्यासारखी स्पष्ट दिसतात, हे त्यांनी पद्धतशीरपणे दाखवून दिले. अलेक्झांडर कायलर यांच्यासह त्यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेला वेसेक्स प्रांताच्या हवाई छायाचित्रांचा ग्रंथ हा या शास्त्राचा आद्यग्रंथच मानला जातो. परंतु छायाचित्राला ऊन लागते, स्वच्छ आकाश लागते आणि उघडे रान लागते. झाडीपुढे कॅमेऱ्याचे काही चालत नाही.

त्याही आधीच्या काळात टेकाडांचा शोध म्हणजे टेकाडांचा संहारच असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम कनिंग्टन आणि रिचर्ड कोल्ट होर या जोडीने इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात चारशेहून अधिक दफनटेकाडे खणून काढली. १८०८ साली स्टोनहेंजजवळील बुश बॅरो या टेकाडात त्यांना सांगाड्यासोबत सोन्याचे अप्रतिम अलंकार मिळाले. होर यांनी आपल्या परीने काटेकोर नोंदी ठेवल्या, हे त्यांच्या श्रेयाचे. तथापि, मातीच्या ज्या थरांतून आजचा संशोधक कालगणना करतो, परागकणांवरून त्या वेळची वनस्पती ओळखतो, ते थर त्या कुदळींखाली कायमचे विस्कटले. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारे पुस्तक; पान उलटताना ते फाटतेच. म्हणूनच जमिनीला हात न लावता तिच्यावर काय आहे हे सांगणाऱ्या साधनाचे मोल असाधारण आहे.

स्टोनहेंजच्या परिसराइतका बारकाईने पाहिला गेलेला पुरातत्त्वीय प्रदेश जगात क्वचितच असेल. तीन शतके विद्वानांनी तो पायाखाली घातला होता. तेथेही २००१ मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने लायडार पाहणी केली तेव्हा पूर्वी न नोंदलेले मातीकाम उजेडात आले आणि ज्ञात अवशेषांच्या सीमा दुरुस्त कराव्या लागल्या. ही पर्यावरण यंत्रणाही मुळात पुराच्या नकाशांसाठीच विमाने उडवीत होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे २००९ मध्ये मध्य अमेरिकेतील बेलीझ देशात काराकोल या माया संस्कृतीच्या नगराची अशीच पाहणी झाली आणि पाव शतक पायी हिंडून जेवढे नकाशित झाले होते त्याच्या कितीतरी पट विस्तार काही दिवसांच्या उड्डाणांत दिसला. २०१८ मध्ये ग्वाटेमालातील २,१०० चौरस किलोमीटरांहून अधिक रानाखाली साठ हजारांवर बांधकामे आढळल्याचे जाहीर झाले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी मथळे दिले. नगरांना मथळे मिळतात. टेकाडांना मिळत नाहीत. परंतु या साधनाची खरी कसोटी टेकाडांतच लागते. पिरॅमिड लपत नसतो, गुडघाभर मातीचा ढीग लपतो.

हजारो डोळ्यांची पाहणी

फेलुवे प्रदेशातील टेकाडे साधारणतः इसवी सनापूर्वी तिसऱ्या आणि दुसऱ्या सहस्रकातील, म्हणजे नवाश्मयुगाची अखेर आणि कांस्ययुग या काळातील आहेत. मृताला खड्ड्यात किंवा भूमीवर ठेवून माळावरील गवताचे, मुळांसकट कापलेले मातीचे चौकोनी तुकडे वर रचीत जावयाचे, कधी भोवती लाकडी खांबांचे कडे करावयाचे, अशी ही रचना. एकाच टेकाडात पिढ्यान्‌पिढ्या नवे मृत पुरले गेल्याचेही दिसते. काही ठिकाणी ही टेकाडे कित्येक किलोमीटर लांबीच्या ओळींत उभी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे उत्खनने होत आली आणि तेथील टेकाडे सर्व माहीत झाली आहेत, असाच बराच काळ समज होता.

तो समज लायडारने मोडला. परंतु येथे वेगळीच अडचण उभी राहिली. नकाशे एवढे विस्तीर्ण, की ते डोळ्यांखालून घालण्यास मूठभर तज्ज्ञांना अनेक वर्षे लागावीत. तेव्हा लायडन विद्यापीठ आणि गेल्डरलँड प्रांतातील वारसा संस्था यांनी २०१९ मध्ये एक धाडसी मार्ग पत्करला. त्यांनी हे नकाशे लहान तुकड्यांत विभागून सामान्य नागरिकांपुढे ठेवले. थोडेसे प्रशिक्षण देऊन त्यांना एवढेच सांगितले, की टेकाडासारखे, प्राचीन शेतांच्या बांधांसारखे किंवा जुन्या गाडीवाटांसारखे काही दिसले तर खूण करा. हजारो लोकांनी, त्यांत निवृत्त होते, विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, घरबसल्या या करड्या चित्रांवरून नजर फिरविली. प्रत्येक तुकडा अनेकांनी स्वतंत्रपणे पाहावयाचा आणि अनेकांचे एकमत जेथे होईल ती जागा विचारात घ्यावयाची, असा दंडक होता. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेने भरून निघावी, हा त्यातील हेतू. याच्या जोडीला संगणकालाही ज्ञात टेकाडांची चित्रे दाखवून तशी आकृती ओळखावयास शिकविण्यात आले. मनुष्याची नजर, यंत्राची नजर आणि तज्ज्ञाची पारख अशा तिहेरी चाळणीतून पूर्वी कोणासच ठाऊक नसलेल्या शेकडो संभाव्य टेकाडांची यादी तयार झाली.

‘संभाव्य’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. लायडार आकार सांगतो, वय सांगत नाही. वाऱ्याने साचलेला वाळूचा ढीग, मध्ययुगातील कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्टीचा अवशेष, रस्ता करताना टाकलेली माती किंवा महायुद्धातील खंदकाची कड ही सारी वरून टेकाडासारखीच दिसू शकतात. म्हणून पुढचा टप्पा अपरिहार्यपणे पायीच. संशोधक आणि स्वयंसेवक रानात गेले, बोटभर जाडीच्या पोकळ गिरमिटाने भूमीचा उभा नमुना काढला आणि त्यातील रंगांचे पट्टे पाहिले. मातीच्या तुकड्यांनी रचलेल्या टेकाडाखाली मूळ भूपृष्ठाचा पुरलेला थर सापडतो. वाऱ्याच्या ढिगात तसा रचीव क्रम नसतो. काही जागा खऱ्या ठरल्या, काही फोल. शास्त्राला दोन्ही निकाल सारखेच उपयोगी असतात.

या प्रयोगाचा फायदा केवळ यादीपुरता नव्हता. ज्या नागरिकाने आपल्या गावच्या रानातील टेकाडावर स्वतः खूण केली, त्या टेकाडावरून उद्या लाकूडतोडीचे अवजड यंत्र जाऊ लागले तर पहिली तक्रार तोच करील. वारशाचे रक्षण कायद्याने होते त्याहून अधिक शेजाऱ्याच्या आपुलकीने होते.

नकाशावर नाही ते कायद्यात नाही

हा रक्षणाचा प्रश्न तपशिलाने पाहण्यासारखा आहे. डेन्मार्कने १८७३ पासून आपल्या प्राचीन अवशेषांची परगण्यावार नोंद सुरू केली, आणि १९३७ च्या निसर्गरक्षण कायद्याने दृश्य अशा सर्वच दफनटेकाडांना एका फटक्यात संरक्षण दिले. पुढे त्यांच्याभोवती शंभर मीटरचा बंदिस्त पट्टाही आला. तेथील शेतकरी आज नांगर फिरविताना टेकाडाला वळसा घालतो. त्या टेकाडांत जे टिकले ते टिकले. त्यापूर्वी नांगराखाली जे सपाट झाले त्यांची संख्या कोण सांगणार? तात्पर्य हे, की नोंद आधी, संरक्षण नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही.

आपल्याकडेही शंभर मीटरचा नियम आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली तिने संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित ठरविले. परंतु हा नियम ‘संरक्षित’ म्हणून नावानिशी जाहीर झालेल्या स्थळांपुरताच. ज्याची नोंदच नाही, त्याच्याभोवती एक मीटरही नाही. आणि ज्यांची नोंद आहे त्यांची तरी काय अवस्था? देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की केंद्राने संरक्षित म्हणून जाहीर केलेली ९२ स्मारके जागेवर आढळतच नाहीत. त्यांतील बरीच पुढे सापडली हे खरे. पण काही शहरांच्या वाढीत गडप झाली होती, काही जलाशयांखाली गेली होती आणि काहींचा ठावठिकाणाच लागेना. २०२४ मध्ये त्यांतील अठरा नावे यादीतून वगळावी लागली. दगडी बांधणीच्या, नावागावाच्या स्मारकांची ही कथा, तर माळावरच्या निनावी दगडांच्या वर्तुळांचा वाली कोण?

विदर्भातील शिळावर्तुळे

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. तेथील माळावर मोठमोठ्या धोंड्यांनी आखलेली सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. अजाण प्रवाशाला ती शेतातून काढून टाकलेल्या दगडांसारखी वाटतील. प्रत्यक्षात ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, म्हणजे लोहयुगातील लोकांची दफनस्थळे होत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ च्या सुमारास त्यांपैकी काही खणून पाहिली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन दिले. स्वातंत्र्योत्तर काळात पुरातत्त्व खात्याने तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. १९६८ नंतर डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे जी उत्खनने केली त्यांनी या संस्कृतीचे चित्र पुष्कळच उजळले. वर्तुळाच्या आत दगडगोटे आणि चिकण माती यांची भर, तीत मृतांच्या अस्थी, काळी-तांबडी भांडी, लोखंडाची हत्यारे, आणि काही ठिकाणी घोड्याचे अवशेष व त्याच्या मुखावरील तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ज्या लोकांनी आपल्या प्रदेशात लोखंडाचा व्यवहार रुजविला, त्यांच्या आयुष्याविषयी आपल्याला जे कळते ते प्रामुख्याने त्यांच्या मरणावरून कळते.

मराठी माणसाला ‘पांढरी’ हा शब्द अपरिचित नाही. नदीकाठच्या उजाड गावठाणाची राखट माती शेतात खत म्हणून टाकली जाते, घराच्या भिंतींना वापरली जाते, आणि अशा रीतीने शेकडो पांढरी हळूहळू गाड्यांतून वाहून गेल्या. शिळावर्तुळांचा शत्रू याहूनही साधा आहे. वर्तुळाचा धोंडा बांधाला लागतो, आतला मुरूम रस्त्याला लागतो, आणि माळ नांगरणीखाली येतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. आपण काय मोडीत आहोत हे मोडणाऱ्याला ठाऊक नसते, एवढेच. नागपूरसारखे शहर चारही दिशांनी वाढत असताना हे अज्ञान फार महाग पडणारे आहे.

येथे लायडारचा उपयोग होईल काय? आंधळ्या आशावादाला जागा नाही. विदर्भातील वर्तुळे डच टेकाडांपेक्षा अनेकदा ठेंगणी, आणि माळ जात्याच दगडाळ. शेताचे बांध, गुरांचे वाडे, पाणलोटाच्या कामांतील चर यांचीही गर्दी तेथे असते. त्यामुळे चकवे पुष्कळ होतील. परंतु निसर्गाने एक सवलत आपल्याला दिली आहे. विदर्भाची राने पानझडीची आहेत. फाल्गुन-चैत्रात सागाची पाने झडलेली असतात, गवत वाळून बसलेले असते, आणि तेव्हा झोत जमिनीपर्यंत पोहोचण्यास अडथळा सर्वांत कमी. शिवाय वर्तुळे एकेकटी क्वचित, बहुधा समूहाने असतात. एक वर्तुळ शंकास्पद असले तरी तशी वीस-तीस एकत्र दिसली तर त्यांना योगायोग म्हणता येणार नाही. जुनापाणी, माहुरझरी यांसारख्या ज्ञात स्थळांची पाहणी प्रथम करावी, तेथे वर्तुळ यंत्राला कसे दिसते हे ठरवावे, आणि मग ती मोजपट्टी अज्ञात माळांना लावावी, हा शास्त्राचा सरळ मार्ग आहे.

मोजणी होणारच आहे

या सूचनेवर ‘पैसा कोठून आणावयाचा’ हा आक्षेप ठरलेला आहे. एका अर्थी तो रास्तही आहे. पुरातत्त्व खात्यापाशी विमाने उडविण्याइतकी पुंजी कधीच नसते. परंतु नेदरलँड्स आणि ब्रिटन यांच्या उदाहरणांचा सारा अर्थ हाच, की ती विमाने पुरातत्त्वासाठी उडालीच नव्हती. खर्च पाण्याच्या खात्याने केला. पुरातत्त्वाने केवळ तयार नकाशा मागून घेतला. नेदरलँड्सने आपली उंचीमोजणी सर्वांना विनामूल्य खुली केली, ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०१५ मध्ये तसेच केले, आणि त्यानंतरच तेथे शोधांचा ओघ लागला.

आपल्याकडेही मोजण्या होत आहेत. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेच्या मार्गाची आखणी हवाई लायडारने झाली. वनांत पाणी आणि चारा वाढविण्याच्या योजनेसाठी दहा राज्यांतील वनक्षेत्रांची अशीच पाहणी करण्यात आली आणि तिचे अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या दहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही आहेत. त्याच वर्षी केंद्राने नकाशांवरील जुने निर्बंध मोठ्या प्रमाणात शिथिल केले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात तर २०३० पर्यंत देशभराचे सूक्ष्म भूमापन करण्याचे उद्दिष्ट नमूद आहे : वने आणि पडीक जमिनी यांच्यासाठी ५० ते १०० सेंटिमीटर, आणि सपाट प्रदेशाच्या उंचीसाठी २५ सेंटिमीटर एवढी सूक्ष्मता त्यात अपेक्षिली आहे. पडीक जमीन म्हणजेच माळ, आणि माळ म्हणजेच शिळावर्तुळांचे माहेरघर. तेव्हा मोजणी होणार की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. मोजल्यानंतर ते आकडे ज्या खात्याने मोजले त्याच्याच कपाटात राहणार, की पुरातत्त्वज्ञाच्या मेजावर येणार, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी फार मोठी क्रांती नको. रस्ता, रेल्वे, कालवा, खाण यांसाठी होणाऱ्या प्रत्येक लायडार पाहणीची प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे गेलीच पाहिजे, अशी एक अट करारपत्रात घालावी. त्या प्रती वाचण्यासाठी डेक्कन कॉलेज आणि नागपूर विद्यापीठ यांसारख्या, ज्यांनी या भूमीवर आयुष्ये वेचली त्या संस्थांना, थोडी माणसे आणि थोडे संगणक द्यावेत. आणि काम सुरू होण्यापूर्वी, आखणी अजून कागदावर असतानाच, मार्गात संभाव्य दफनस्थळे आहेत काय याचे उत्तर घ्यावे. कागदावर रस्ता पन्नास मीटर सरकविण्यास रेघ ओढण्याइतका खर्च येतो. यंत्रे माळावर पोहोचल्यावर तोच रस्ता सरकविणे जवळजवळ अशक्य असते, आणि मग घाईघाईने होणारे ‘बचाव उत्खनन’ म्हणजे मरणासन्न रोग्याचे छायाचित्र काढून ठेवण्यासारखे होते.

चोराच्या हातातील नकाशा

या बाबतीत एक भीती व्यक्त केली जाते आणि ती खोटी नाही. टेकाडे कोठे आहेत हे जसे संशोधकाला कळेल तसे ते लुटारूलाही कळेल. धातुशोधक यंत्रे घेऊन रात्री रानात शिरणारे हौशी आणि व्यावसायिक चोर ही युरोपातील जुनी डोकेदुखी आहे. आपल्याकडे गुप्तधनाच्या आशेने खणणाऱ्यांची परंपरा काही लहान नाही. म्हणून नवी स्थळे तपासून त्यांच्या रक्षणाची काही व्यवस्था होईपर्यंत त्यांची नेमकी जागा जाहीर न करणे हा सावधपणा योग्यच होय. परंतु त्या सबबीखाली सर्वच माहिती दडवून ठेवणे हा उपाय नव्हे. गुप्ततेने आजवर काय वाचले? जुनापाणीचे धोंडे कोणी लपवून ठेवले म्हणून टिकले नाहीत. ते नोंदले गेले म्हणून टिकले. चोराला टेकाड शोधण्यास एक रात्र पुरते, बुलडोझरला ते शोधण्याचीही गरज पडत नाही. या दोन शत्रूंपैकी मोठा कोणता, हे हिशेब केल्यास सहज उमगेल.

आणखी एक भान राखणे अगत्याचे आहे. ही स्थळे म्हणजे कबरी आहेत. शोध लागला की खणलेच पाहिजे, असे नाही. फेलुवेच्या रानातील बहुसंख्य टेकाडे शोधल्यानंतर तशीच राहू देण्यात आली आहेत, आणि तेच योग्य आहे. उद्याच्या संशोधकापाशी आजच्याहून सूक्ष्म साधने असतील. कनिंग्टनच्या कुदळीने जे वाया घालविले त्याची खंत आज आपण करतो. आपल्या उतावीळपणाची खंत शंभर वर्षांनी कोणाला करावी लागू नये. ज्यांनी आपल्या माणसांना मातीच्या स्वाधीन करून वर शक्तीबाहेरचे धोंडे आणून ठेवले, त्यांची इच्छा काय होती हे सांगणारा एकही शब्द मागे उरलेला नाही. तरी ते धोंडेच पुरेसे बोलतात : येथे कोणीतरी आहे, ही जागा विसरू नका.

दृष्टीआड सृष्टी, असे आपण म्हणतो, आणि बहुधा त्या म्हणीच्या आडून जबाबदारी झटकतो. आता झाडीआडची, मातीआडची सृष्टी दृष्टीस पडू लागली आहे. न दिसलेल्या टेकाडावरून रस्ता गेला तर ते अज्ञान म्हणून क्षम्य ठरेल. नकाशा सरकारी कपाटात असताना, तो कोणी उघडून पाहिला नाही म्हणून जर विदर्भाचा एखादा माळ सपाट झाला, तर त्याला अज्ञान हे नाव देता येणार नाही. २०३० साल फार दूर नाही. मोजणाऱ्यांची विमाने उडतील तेव्हा त्यांच्या आकड्यांची वाट पाहत कोणीतरी शहाणे माणूस खाली बसलेले असावे, एवढीच अपेक्षा.